‘संशयास्पद’ पाद्री आणि संदेहाची माती

प्रश्न असा आला आहे: एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या निबंधसंग्रहाचा परिचय लिहायचा आहे. निबंधांचे विषय श्रद्धा, प्रार्थना, देवाविषयी मनात उठणारा ‘डाउट’ आणि कला. या ‘डाउट’ला शंका म्हणावं, संशय म्हणावं की संदेह? आणि लेखकाला पाद्री म्हटलं तर चालेल का? परिचयाचं शीर्षकही ठरलंय म्हणे: ‘श्रद्धाळू, पण संशयास्पद’.

आधी ते शीर्षक खोडा. आस्पद म्हणजे जागा, ठिकाण. ज्याच्याविषयी इतरांना संशय येतो तो संशयास्पद. रात्री दोन वाजता कुंपणावरून उडी मारणारा माणूस संशयास्पद. ज्याच्या स्वतःच्या मनात संशय आहे तो साशंक, संशयग्रस्त. ‘तिने संशयास्पद नजरेने पाहिलं’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता त्या नजरेचीच चौकशी लावावीशी वाटते. तुमच्या शीर्षकाने बिचाऱ्या धर्मगुरूंना गुन्हेगारांच्या रांगेत नेऊन उभं केलंय.

शंका लगेच निकालात काढू. वर्गात हात वर करून विचारतात ती शंका. ती उत्तर मिळालं की फिटते. (लघुशंकाही तशीच, थोडक्यात आटोपणारी.) आयुष्यभर प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या मनात जे वर्षानुवर्षं मुक्काम करून असतं, त्याला हा शब्द फार हलका पडतो.

संशयाची अडचण निराळी. मराठीत संशय घेतात, आणि तो कुणावर तरी घेतात. त्यातून ‘संशयात्मा विनश्यति’ हे गीतेचं वचन आपल्या कानांत इतकं मुरलंय की संशय म्हटलं की पुढे विनाश दिसतोच. न्यायदर्शनाचे, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचे, अभ्यासक इथे हटकतात, की त्या शास्त्राच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, संशय तिसराच आहे, संशयाशिवाय विचार सुरू होत नाही. बरोबर आहे, शास्त्रात तो मानाने नांदतो. पण मराठी वाचक वर्तमानपत्रात ‘संशयित ताब्यात’ वाचून मग तुमच्या लेखाकडे वळणार, त्याचं काय करता?

राहिला संदेह. याच्यासाठी तर मी लिहायला बसलो.

संदेह म्हणजे सम् अधिक दिह् हा संस्कृत धातू. दिह् म्हणजे लिंपणं, माखणं. त्यावरून दिग्ध म्हणजे माखलेला आणि संदिग्ध म्हणजे एकात एक माखून गेलेलं, कडा न दिसणारं. आणि त्याच दिह् पासून देह! प्रवचनांतून ‘जो जाळला जातो तो देह’ अशी व्युत्पत्ती ठोकून देतात. ती साफ चूक, तिथे दह् धातूचा काही संबंध नाही. दुसरे विद्वान धातुपाठातल्या, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतल्या, ‘दिह उपचये’वर (उपचय म्हणजे वाढ) बोट ठेवून सांगतात की देह म्हणजे वाढणारा. मग विषदिग्ध बाण वाढलेला असतो की काय? तो विषाने माखलेलाच असतो. ऋग्वेदात ‘देही’ म्हणजे रचलेला बांध, तटबंदी. वाढच म्हणायची तर ती मातीच्या थरावर थर चढण्याची वाढ.

आता जरा लांबची सोयरीक, कारण संस्कृत, लॅटिन, इंग्रजी, इराणी या भाषा मुळात एकाच कुळातल्या. दिह् मधला द मुळात ध होता. भविष्यकाळी ‘धेक्ष्यति’ या रूपात तो अजून डोकावतो. या मूळ ध च्या जागी लॅटिनमध्ये शब्दारंभी फ येतो, जसा आपला धूम तिथे ‘फूमुस’ होतो. तर या धातूचं लॅटिन भावंड ‘फिंगेरे’, म्हणजे मातीला आकार देणं. त्यातून आले फिगर आणि फिक्शन. म्हणजे मूर्ती, आकृती, कल्पित कथा ही सगळी कला संदेहाच्या घरची! इंग्रजीतलं कणकेचं ‘डो’ही याच घरचं. आणि कळस म्हणजे अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातला ‘पइरि-दएझ’, भोवती भिंत घातलेली जागा. ग्रीकांनी तो इराणी राजांच्या बागांसाठी ‘परादेइसोस’ म्हणून उचलला, जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो एदेन बागेला लागला आणि त्याचा पॅरडाइस झाला. त्या स्वर्गाची भिंत आणि आपला संदेह एकाच चिखलाचे. हे कळलं त्या दिवशी मला जेवण सुचलं नव्हतं.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात देव मातीतून माणूस घडवतो. तिथलं हिब्रू क्रियापद कुंभारकामाचं आहे. ‘योत्सेर’ म्हणजे कुंभारच. देह या शब्दाचा हिब्रूशी नात्याने काही संबंध नाही, तरी त्या कथेला तो मापाने शिवल्यासारखा बसतो.

आणि थोमा, येशूचा शिष्य! येशू मरणातून उठल्याचं ऐकून योहानाच्या शुभवर्तमानात तो म्हणतो, त्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. त्याचा संदेह देहाविषयीचा आणि तो फिटतो तोही देहापाशी. त्याने खरंच बोट घातलं असं योहान कुठेही सांगत नाही. ते घातलं इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने, 1600 नंतर लगेचच काढलेल्या त्याच्या चित्रात, आणि असं घातलं की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. श्रद्धा, संदेह आणि कला एका चौकटीत हवी असेल तर तुमच्या परिचयाची सुरुवात इथून करा.

आपल्याकडेही संदेहाचं कलेशी जुनं नातं आहे. हा चंद्र की हिचा चेहरा, असा कवीला प्रश्न पडला की होतो ससंदेह अलंकार. सदेह आणि संदेह यांत एका टिंबाचाच फरक आहे, हे तुकोबांच्या वैकुंठगमनावर वाद घालणाऱ्यांच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

श्रद्धा आणि लॅटिन ‘क्रेदो’ (मी विश्वास ठेवतो) ही सख्खी भावंडं आहेत आणि प्रार्थनेचा लॅटिन ‘प्रेक्स’ आपल्या ‘प्रश्न’च्या नात्यातला, पण ती पोतडी आज उघडत नाही.

हो, पाद्री राहिलाच. पोर्तुगीज ‘पाद्रे’, म्हणजे बाप. आपल्या पितृशी नातं उघड आहे. शब्द मुळात वाईट नाही, पण बोलण्यात त्याला तुच्छतेचा वास लागलाय. लेखक कॅथलिक असतील तर फादर लिहा, प्रोटेस्टंट असतील तर रेव्हरंड.