कॉन्फिग फाइलचा फॉरमॅट सारखा बदलत असेल तर टूल कसं डिझाइन करावं?

तुमचं टूल दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग फाइल्स एडिट करतं आणि त्याचं नवीन व्हर्जन आलं की टूल मोडतं, तर दरवेळी नवा पार्सर (फाइल वाचून तिचा अर्थ लावणारा कोड) लिहीत बसायचं का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, आणि माझ्या मते पार्सर हा सोपा भाग आहे, खरी गोची फाइल परत लिहिताना होते.

आम्ही पायथॉनमध्ये पायवायएएमएल या लायब्ररीने यामल (कॉन्फिगसाठी वापरतात तो एक फॉरमॅट) फाइल लोड करायचो, एक व्हॅल्यू बदलायचो आणि अख्खी फाइल डंप करायचो, म्हणजे नव्याने लिहून काढायचो. एका ठिकाणी अ‍ॅडमिनने टाइमआउटच्या वर कमेंट लिहून ठेवली होती की हे ३० च्या खाली आणू नका, स्टोरेज स्लो आहे. आमच्या टूलने बदलली फक्त लॉग लेव्हल, पण कमेंट गेली, पुढे नवीन आलेल्या माणसाने तिथे १० टाकलं आणि रात्रभर कनेक्शन तुटत राहिली. त्याच फाइलमध्ये परमिशन ०६४४ होती ती ४२० होऊन बसली, कारण यामल १.१ मध्ये शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल (८ च्या पायातला) धरतात, आणि २००९ च्या १.२ मध्ये तोच ०६४४ म्हणजे साधा ६४४. फाइल तीच, पार्सर बदलला की अर्थ वेगळा.

म्हणून फाइल डेटा म्हणून वाचू नका, मजकूर म्हणून वाचा. कमेंट, स्पेस, कोट्स, ओळींचा क्रम सगळं झाडात (फाइलच्या रचनेच्या ट्रीमध्ये) धरून ठेवायचं, त्यातला जो नोड, म्हणजे तुकडा, बदलायचाय तेवढाच बदलायचा, बाकी बाइट न बाइट तसंच. ऑजियस हे कॉन्फिग एडिट करायचं टूल हेच करतं, त्याची लेन्स (एका फॉरमॅटचं वर्णन) दोन्ही दिशांनी चालते, फाइलचं झाड आणि झाडाची परत फाइल. टेस्ट एकच पण कडक ठेवा, फाइल वाचा, काहीही न बदलता लिहा, डिफ (आधीच्या आणि नंतरच्या फाइलमधला फरक) रिकामा आला पाहिजे, आणि हे लोकांच्या खऱ्या फाइल्सवर चालवा, स्वतः बनवलेल्या सॅम्पलवर नको.

ओळखीची नसलेली की (सेटिंगचं नाव) दिसली तर ती टाकून देऊ नका आणि एररही देऊ नका, जशीच्या तशी पुढे न्या. प्रोटो३ (गूगलच्या प्रोटोकॉल बफर्स या डेटा फॉरमॅटची तिसरी आवृत्ती) सुरुवातीला अनोळखी फील्ड फेकून द्यायचं, ३.५ मध्ये ती जपणं परत आणावं लागलं. पण जी गोष्ट बदलायचीये तीच वेगळ्या रूपात दिसली तर मात्र अंदाज लावायचा नाही, ओळ नंबर सांगून थांबायचं. फॉरमॅट कुठला आहे हेसुद्धा फाइलकडे बघूनच ठरवा, इन्स्टॉल झालेल्या व्हर्जनवरून नको, कारण अपग्रेडनंतर जुनी फाइल तिथेच पडून असते.

तुमच्या टूलची स्वतःची फाइल असेल तर पहिल्या रिलीजपासून त्यात व्हर्जन नंबर टाका, मायग्रेशन, म्हणजे जुनी फाइल नव्या फॉरमॅटमध्ये आणणं, १ वरून २, २ वरून ३ असं एकेका पायरीनेच.

आणि दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सिस्टमडीसारखी (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्रॅम) ड्रॉप-इन फोल्डरची, म्हणजे मेन फाइलसोबत जादा फाइल्स वाचल्या जातात अशा फोल्डरची, सोय असेल तर मेन फाइलला हातच लावू नका, तिथे आपली छोटी फाइल ठेवा.

अशी सोय नसेल तर मेन फाइलच्याच फोल्डरमध्ये टेम्प फाइल लिहा, त्या सॉफ्टवेअरचाच चेकर तिच्यावर चालवा (सुडोअर्स या सुडोच्या परवानग्यांच्या फाइलसाठी व्हिसुडो आहे, एसएसएचडी या रिमोट लॉगिनच्या सर्व्हरलाही नुसतं तपासायचा फ्लॅग आहे), पास झाली तरच रीनेम करून मेन फाइलच्या जागी आणा. फॉरमॅट बदलला असेल तर बऱ्याचदा इथेच कळतं, आणि तोवर जुनी फाइल शाबूत असते.