भूमिका करायची की यादी संपवायची?

प्रश्न : मी पंचेचाळिशीतला असून महाविद्यालयात असल्यापासून रोल-प्लेइंग गेम्स, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम्स, खेळत आलो आहे. हल्ली नवा गेम सुरू केला की नकाशाभर न पाहिलेल्या ठिकाणांची प्रश्नचिन्हे दिसतात आणि ती एकेक करून मिटवताना कचेरीचे काम घरी आणल्यासारखे वाटते. वयामुळे आवड आटली, की गेम्सच बदलले?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वयाचा वाटा असेल, पण तो लहान आहे. मीही या गेम्सचा जुना चाहता आहे आणि माझ्या मते ही अडचण बरीच जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये आला, तेव्हा टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण सूत्रधार असे आणि खेळाडूने कितीही अनपेक्षित पाऊल उचलले, तरी तो गोष्ट तिथल्या तिथे वळवून घेई. संगणकाला फासे टाकणे आणि गुणांचा हिशेब ठेवणे सहज जमले, सूत्रधार होणे जमले नाही. त्यामुळे १९८१ च्या ‘विझार्ड्री’ या संगणकावरील गेममध्ये भुयारे, राक्षस आणि अनुभवाचे गुण आले, सूत्रधाराची जागा मात्र रिकामीच राहिली.

ती भरून काढण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न मला रिचर्ड गॅरियटच्या १९८५ मधील ‘अल्टिमा ४’ मध्ये दिसतो. तेथे शेवटी मारण्यासाठी कोणी महाखलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, नम्रता अशा आठ सद्गुणांत पारंगत होणे हेच ध्येय आहे. जडीबुटी विकणाऱ्या आंधळ्या बाईला कमी पैसे देऊन निघून जाता येते, पण त्याची नोंद गेम गुपचूप ठेवतो.

आपल्याला छळणाऱ्या खुणा पुष्कळ नंतरच्या. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये पात्रे रस्ता तोंडी सांगत : अमुक पूल ओलांडा, तमुक फाट्याला वळा. ते रोजनिशीत लिहिले जाई आणि नीट वाचले नाही, तर आपण भलत्याच गुहेत जाऊन मार खात असू. त्याच मालिकेतील २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ने दिशादर्शकावर थेट खूण दाखवली. सोय झाली हे मी नाकारत नाही, पण समोरचा काय सांगतो हे ऐकण्याची गरजच उरली नाही, आणि जे पात्र कोणाचे ऐकत नाही त्याची भूमिका करायची तरी कशी? २०१५ च्या ‘विचर ३’ मधील ब्लडी बॅरन या सरदाराचे प्रकरण या प्रकारातील उत्कृष्ट लेखनात मोडते; त्याच गेममध्ये स्केलिगे या बेटांभोवतीच्या समुद्रातील प्रश्नचिन्हांखाली मात्र बहुतेक तस्करांच्या पेट्या निघतात. त्या निःशंकपणे सोडून द्या. आपले पात्र कोण आहे हे आधी ठरवावे आणि जे काम ते पात्र स्वीकारणार नाही, ते आपणही नाकारावे. असे केल्यास यादी आपोआप लहान होते.

प्रश्न : गेममध्ये फाशाचा कौल विरुद्ध गेला की मी लगेच जुना सेव्ह, म्हणजे आधी जतन केलेला टप्पा, उघडतो. ही लबाडी ठरते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लबाडी नाही, पण नुकसान आपलेच आहे. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये वीस बाजूंचा फासा डोळ्यांसमोर घरंगळतो, त्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु २०१९ चा ‘डिस्को एलिझियम’ खेळून पाहा. त्यात नेहमीची लढाई जवळजवळ नाही, सगळा भार संवादांवर आणि नायकाच्या डोक्यात भांडणाऱ्या चोवीस कौशल्यांवर आहे, आणि फसलेल्या फाशानंतरचे प्रसंग पुष्कळदा यशापेक्षा अधिक चांगले लिहिलेले आहेत. फार अशक्त प्रकृतीचा नायक निवडला, तर तो पहिल्याच खोलीत दिवा लावताना मरू शकतो. तेवढ्या वेळी पुन्हा सुरुवात करण्यास माझी हरकत नाही.