घरगुती श्रेडर घेताना पानं मोजू नका, तुकडा बघा

दादा, फुटाण्याच्या पुडीवर स्वतःच्याच आधारची झेरॉक्स निघाली म्हणून तुम्ही तीन हजारांच्या आतलं श्रेडर, म्हणजे कागद कापून बारीक करायचं मशीन, विचारायलात. मी लातूरला फॉर्म भरून द्यायचं काम करतो. आजवर दोन मशीन वापरली, त्यातलं एक माझ्याच हातानं मोडलं.

खोक्यावर 'एका वेळी ८ पानं' असं ठळक लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तो हिशोब ७०-७५ जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाच्या) कोऱ्या कागदाचा. घडी पडलेली जुनी पानं घातली की ८ ची ५ होतात. आधी कापतं कसं ते बघा.

सगळ्यात स्वस्त मशीन नुसत्या लांब पट्ट्या काढतं. ६ मिलिमीटरची पट्टी धरली तर ए-फोर पानाच्या जेमतेम ३५. त्यात एखादी पावती आडवी घातली की छापलेली ओळच्या ओळ, खाते क्रमांकासकट, पट्टीवर साबूत! १९७९ साली तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत पट्ट्या करून टाकलेले कागद इराण्यांनी नंतर हातानं जुळवले होते. फुटाणेवाल्याला एवढी सवड नाही म्हणा. तरी क्रॉस-कटच घ्या, म्हणजे उभं-आडवं दोन्हीकडून कापणारं. कडब्याच्या पेंढ्या आणि कुट्टी, एवढा फरक आहे. ४ बाय ४० मिलिमीटरचा तुकडा म्हणजे त्याच पानाचे ३९० च्या आसपास तुकडे. खोक्यावर 'पी-४' (तुकडा किती बारीक त्याची श्रेणी) असलं की घराला बास. त्याहून बारीक कापणाऱ्या मायक्रो-कटच्या नादी लागू नका, त्याच पैशात ते पानं कमी घेतं.

आता माझं मशीन कसं गेलं ते. स्वस्तातली ही मशीन दोन-चार मिनिटं चालतात, मग अर्धा तास गार व्हायला लागतो. मी मे महिन्यात, भर दुपारी, व्होल्टेज उतरलेलं असताना पीकविम्याच्या जुन्या फॉर्मांचा गठ्ठा एका दमात घालत बसलो. मोटर घुरघुरली, कागद अडकला, मी वरून अजून रेटला. आतल्या प्लॅस्टिक गिअरचे दात उडाले, आणि सुटं गिअर कुठंच मिळेना. म्हणून उलटं फिरवायचं बटण आणि गावात दुरुस्तीची सोय, या दोन गोष्टी विचारूनच पैसे द्या. अधूनमधून कागदावर श्रेडरचं तेल सोडून तो कागद आत घाला. फवाऱ्याचा डबा मात्र नको, त्यातला वायू मोटरच्या ठिणगीनं पेट घेतो. लेकरं असतील तर काम झालं की प्लग काढून ठेवा.

महिन्याला दहा-पंधराच कागद निघत असतील तर मशीन कशाला? फाडून रात्रभर बादलीत भिजवा, सकाळी चोळून लगदा करा.

आणि एक विचारतो, ती झेरॉक्स तुमच्या घरातूनच गेली होती का? काळी आलेली, तिरकी आलेली प्रत आपण दुकानातच टाकून येतो आणि ती तिथल्या रद्दीत जाते. ती मागून आणत चला. जिथं चालेल तिथं मास्क केलेलं आधार द्या, त्यावर शेवटचे ४ आकडेच दिसतात.