फिल्म घरी धुता येते का? डार्करूम लागते का, आणि उन्हाळ्यात तापमान खरंच एवढं पाळावं लागतं का?

येते. डार्करूम लागत नाही. टाकीत, म्हणजे फिल्म धुण्याच्या झाकणाच्या डब्यात, रोल भरेपर्यंतच मिट्ट काळोख हवा, तेवढ्यासाठी चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालायला बाह्या असलेली काळी पिशवी, पुरते. झाकण बसलं की पुढचं सगळं मोरीवर, दिवे लावून.

तापमानाचं वाचलं म्हणून लिहायला बसलो.

मे 1988, मिरज. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो मी काढले होते. काकांचा स्टुडिओ होता. ते म्हणाले, तूच धू. डेव्हलपरची, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाची, बाटली बर्फाच्या परातीत ठेवून मी 20 अंशांवर आणली, घड्याळ लावून टाकी हलवली. डेव्हलपर ओतून दिला तसे काका म्हणाले, "आता कसलं तापमान? धर नळाखाली." दुपारचे दोन वाजलेले, गच्चीवरच्या टाकीचं पाणी, हाताला चटका बसत होता. तरी मी धरली. हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण, झाल्यावर फिल्म उजेडात बघितली तर आजीच्या चेहऱ्यावर बारीक जाळं, तळं आटल्यावर गाळाला भेगा पडतात तसं. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम. काका म्हणाले, फिल्म शिळी होती.

शिळी नव्हती. इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, जिलेटिनचं असतं. ते थंड द्रावणात फुगलेलं असताना एकदम गरम पाणी लागलं की सुरकुततं आणि ते परत सरळ होत नाही. म्हणून डेव्हलपर, हायपो, धुण्याचं पाणी, सगळं दोन-तीन अंशांच्या आत ठेवा. 20 जमत नसेल तर सगळंच 24 वर घ्या आणि वेळ कमी करा. उदाहरणार्थ, एचपी5 प्लस ही कृष्णधवल फिल्म, डी-76 हा डेव्हलपर एकास एक पाणी घालून: 20 अंशांना 11 मिनिटं, 24 ला आठेक. नळ लागतच नाही. बादलीतलं पाणी टाकीत भरून पाच वेळा उलटीसुलटी करा, ओता. मग दहा वेळा, मग वीस. फिल्म धुऊन निघते.

त्याच बॅचचा दुसरा रोल माझ्याकडे होता. आठवड्याने तो मी असाच बादलीच्या पाण्यावर धुतला. एकही भेग नाही. काकांना नेऊन दाखवला. त्यांनी भिंगातून पहिल्यापासून शेवटच्या फ्रेमपर्यंत बघितला, गुंडाळला, परत दिला. बोलले काहीच नाहीत, आणि पुढेही कुणी विचारलं तर "फिल्म शिळी होती" हेच सांगत राहिले. आजी त्या दिवाळीआधी गेली. त्या दुसऱ्या रोलवर ती नाही.

आजच्या फिल्मचं जिलेटिन जास्त टणक केलेलं असतं, इतकं जाळं सहसा येत नाही, हे मान्य. तरी थर्मामीटर घ्या. डी-76सारख्या डेव्हलपरमधल्या मेटॉलने काहींच्या हातांना पुरळ येतं, हातमोजे घाला. खर्च म्हणाल तर टाकी एकदाच घ्यायची. त्यानंतर केमिकलपेक्षा फिल्मच महाग पडते.