कॅम बसवताना घाई नको

भाऊ, हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडलंस, छान केलंस. डबल कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे असलेलं) इंजिन पहिल्यांदा बांधतोयस, तर सध्या एवढंच सांभाळ.

टायमिंग चेनच्या (क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, त्यावरून कॅम फिरवणाऱ्या साखळीच्या) भोकात आधी स्वच्छ फडकं कोंब. बोल्ट आत पडला की अख्खा दिवस गेला. मग मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) 'टी' खूण केसिंगच्या खुणेशी जुळव. चेन एका हाताने वर ताणून धरल्याशिवाय क्रँक फिरवू नकोस.

लोब (कॅमचे उंचवटे) आणि जर्नल (कॅम टेकून फिरतो ते गोल भाग) यांना ऑइल लाव. एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या बाजूचा) कॅम आधी, त्याच्या बाजूची चेन ताठ. ढील सगळी टेन्शनरकडे, म्हणजे चेन ताणून ठेवणाऱ्या भागाकडे.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कॅप (कॅमला वरून धरून ठेवणारे तुकडे) आवळताना. एकच बोल्ट पूर्ण आवळला की कॅम तिरका बसतो, कॅप तडकते, आणि ती सुटी मिळत नाही, हेडच बदलावं लागतं. सगळे बोल्ट थोडे थोडे, मॅन्युअलच्या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्याने.

टेन्शनरचा दांडा मागे घेऊनच तो बसव. मग फडकं काढून क्रँक हाताने 2 पूर्ण फेरे फिरव आणि खुणा पुन्हा बघ. अडकलं तर जोर नको, सेल्फ तर मुळीच नको.

टॅपेट गॅप (कॅम आणि टॅपेटमधली फट) थंड इंजिनवर, म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळीच मोज. शिम (ही फट ठरवणारी चकती) बदलायचं नंतर पाहू.