कोल्हापुरात घर घेताना रस्त्याआधी पाणी आणि हद्द बघा

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याहून कायमचं कोल्हापूरला यायचंय, बजेट मध्यम आहे, तर पेठेतलं जुनं घर घ्यावं, ताराबाई पार्कात फ्लॅट घ्यावा की आर. के. नगरकडं प्लॉट? आणि इथले भाव इतक्या वर्षांत असे का बदलत गेले? बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते इथला भाव दोनच गोष्टी ठरवतात, पंचगंगेचं पाणी आणि महापालिकेची हद्द.

मूळ गाव अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या पेठांचं. १८९१ मध्ये रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली आणि गुळाचा व्यापार तिकडं गेला. पुढं राजाराम महाराजांच्या काळात राजारामपुरी झाली, सरळ आखलेली, नंबरांच्या गल्ल्यांची. तेव्हापासून पैसा असलेला माणूस पेठ सोडून बाहेर पडत आलाय. ताराबाई पार्क, नागाळा पार्क ही बंगल्यांची वस्ती. तिथं आता बंगला पाडून अपार्टमेंट उभं राहतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली, तेव्हापासून तेवढ्याच जागेवर जास्त मजले बसतात. मुलं बाहेरगावी असलेल्या म्हाताऱ्या मालकांना बिल्डरांचे फोन सुरू झाले ते त्यामुळंच.

पेठेतल्या घराचं गणित वेगळं. शिवाजी पेठेत मी एक घर बघितलं. रस्त्याकडंचं तोंड जेमतेम दहा फूट, आत लांबलचक बोळ, एकाच भिंतीवर दोन भावांचे लाइटचे दोन मीटर आणि मागं परड्यात सामाईक आड. जागा सोन्यासारखी, पण प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव, बहिणींचं हक्कसोडपत्र झालेलं नाही, पुढच्या खोलीत जुना भाडेकरू. अशा घरावर बँक कर्ज देत नाही, आणि कर्ज नाही म्हटलं की गिऱ्हाईक रोखीवाल्यापुरतंच उरतं. मोक्याच्या जागेलासुद्धा भाव मिळत नाही तो याच कारणानं. वारसनोंदी स्वच्छ असतील तर मात्र मी तुम्हाला पेठेतलंच घर घ्या म्हणेन. दवाखाना, मंडई, शाळा, सगळं पायी होतं, आणि रात्री-अपरात्री हाकेला धावून येणारी माणसं असतात.

आता पाण्याचं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. नदीकाठच्या लोकांना पुराची सवय होती, पण नदी फुगली की शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी तुंबून उलटं वस्तीत शिरतं आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली असे भर शहरातले भागही बुडतात. नागाळा पार्क, बापट कॅम्प, कदमवाडीकडंही तेच. एकेकाळी सपाट आणि स्टेशनजवळ म्हणून महाग असलेल्या जागेत आज तळमजला लवकर विकला जात नाही. घर बघायला गेलात की लाइटचा मीटर किती उंचीवर बसवलाय ते बघा. शेजारीपाजारी सगळ्यांचेच मीटर डोक्याच्या वर असतील तर पाणी कुठवर येतं ते कळलं. भिंतीला नवा रंग असेल तर हात फिरवा, लोणा आलेला असला तर प्लॅस्टर भुरभुर सुटतं. आणि महापालिकेत जाऊन निळी व लाल पूररेषा (पूर कुठवर येतो ते दाखवणाऱ्या रेषा) नकाशावर स्वतः बघा, एजंटाच्या तोंडी शब्दावर राहू नका.

राहिली हद्द. महापालिका १९७२ मध्ये झाली. त्यानंतर कित्येक दशकं हद्दवाढ नुसतीच गाजत राहिली आणि शहर मात्र पाचगाव, मोरेवाडी (आर. के. नगर याच बाजूला), उचगाव, कळंब्याकडं पसरत गेलं. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी, हातात बेताचे पैसे, म्हणून हजारो लोकांनी तिकडं गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉट घेतले. जमीन उंचावर, पुराची भीती नाही, ग्रामपंचायतीचा फाळा, म्हणजे घरपट्टी, कमी. पण पाणी टँकरचं, गटार अर्धवट, रस्ता कागदावर. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, तरी या अडचणी संपल्या नाहीत. गावकऱ्यांचा हद्दवाढीला विरोध समजू शकतो, शेती आणि कराची त्यांची धास्ती खरी आहे. पण या रखडण्याची किंमत प्लॉट घेऊन घर बांधणाऱ्या साध्या माणसानं मोजली, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आर. के. नगरकडं प्लॉट घेणार असाल तर जमीन एन.ए. (बिगरशेती) झाल्याचा कागद आणि मंजूर ले-आऊट मागा. नुसत्या सात-बाऱ्यावरचा सामाईक गुंठा घेऊ नका. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते शेजारच्या बायकांना विचारा.

ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, त्यामुळं 'आत्ता घ्या, नाहीतर भाव हाताबाहेर जाईल' असं तुम्हाला सगळेच सांगतील. तुम्ही आधी राजारामपुरी किंवा मंगळवार पेठेत भाड्यानं राहा आणि जुलै-ऑगस्टमध्ये, पाणी चढलेलं असताना, मनात भरलेल्या प्रत्येक भागात एक चक्कर मारून या. बयाणा त्यानंतर द्या.