क्राकूफची ऑफर घेण्याआधी

हिंजवडीत आयटीत आठ वर्षं झाली, आता पोलंडमधल्या क्राकूफची ऑफर आहे, सोबत बायको आणि तिसरीतली मुलगी, ‘जावं का?’ असं विचारलंत. व्हिसाचे फॉर्म वकिलातीच्या साइटवर आहेत, ते सोडतो.

आधी ही नोकरी क्राकूफमध्ये आलीच कशी ते बघा. एजीएच (इथलं तंत्रविद्यापीठ) आणि यागिएलोनियन या विद्यापीठांतून निघणारी मुलं, आणि जर्मन ग्राहकाच्याच वेळेत भरणारं ऑफिस. १९९३ मध्ये एजीएचमधल्याच यानुश फिलिपियाक या प्राध्यापकांनी कोमार्ख ही सॉफ्टवेअर कंपनी काढली, १९९८ मध्ये मोटोरोलाचं सॉफ्टवेअर केंद्र आलं, २००४ मध्ये देश युरोपीय संघात गेला आणि बाहेरच्या कंपन्यांची रीघ लागली. स्वस्त म्हणून आल्या होत्या. आता इथले पगार चढलेत, त्यामुळे सपोर्ट आणि इन्व्हॉइसची कामं उठून पुण्या-बंगळुरूकडे सरकतात. म्हणजे तुम्ही इकडे उतरायचं आणि तुमची खुर्ची हिंजवडीला निघायची! म्हणून मुलाखतीतच विचारा: कोड इथे लिहिला जातो, की ग्राहकांच्या तक्रारींची नुसती तिकिटं बंद होतात?

ऑफरमधला आकडा ‘ब्रुत्तो’, म्हणजे कपातीआधीचा असतो. त्यातून पेन्शन-विम्याचे १३.७१ टक्के जातात, उरलेल्यावर आरोग्याचे ९, शिवाय आयकर. झ्लॉटी हे इथलं चलन; वर्षाच्या १,२०,००० झ्लॉटींपर्यंत १२ टक्के, त्यावर ३२. म्हणून चांगल्या पगारवाल्यांच्या हातात वर्षाअखेरीस कमी पडतं. जाहिरातींतले ‘बी-टू-बी’चे, म्हणजे नोकरीऐवजी कंत्राटाचे, गलेलठ्ठ आकडे विसरा. त्यासाठी स्वतःच्या नावाने व्यवसाय नोंदवावा लागतो, आणि साध्या कामाच्या परवान्यावर तो नोंदवता येत नाही.

रजा २० दिवस, दहा वर्षांच्या सेवेनंतर २६. पदवीची आठ वर्षं धरतात, भारतातली नोकरीही मोजतात, म्हणजे तुम्हाला पहिल्याच वर्षी २६ मिळायला हव्यात. पण रिलीव्हिंग लेटरवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हवी, आणि पोलिश भाषांतर शपथबद्ध अनुवादकाचंच. कुणी आपणहून आठवण करत नाही.

खरा घोळ नावांचा. बायकोच्या जन्मदाखल्यात वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव: इथल्या कारकुनाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. नावबदलाचं राजपत्र, विवाह प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला यांवर अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) तिकडूनच करून आणा. इथे बसून ते करणं म्हणजे सासऱ्यांना मंत्रालयाच्या चकरा.

मुलीचं मात्र मनाला लागतं. इथे पहिली सातव्या वर्षी, त्यामुळे वर्गात ती सर्वांत लहान ठरू शकते, आणि सगळं पोलिशमधून. सरकारी शाळेत फी नाही, परक्या मुलांना पोलिशचे जादा तास मिळतात, पण आठवड्याचे दोन तास कुठे पुरणार? एक इयत्ता मागे बसवायला सांगितलं तर मान खाली घालू नका. गणितात पुढे असलेलं मूल वर्गात मुकं बसतं, हे आईबापांना खालच्या इयत्तेपेक्षा जास्त टोचतं, आणि त्याला औषध काळाशिवाय नाही.

एकटेपणाबद्दल थोडक्यात: डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. बॅडमिंटनचा हॉल शोधा.

आणि निवासकार्डाचा अर्ज व्हिसा संपायच्या आत करा. निकाल लागेपर्यंत राहणं कायदेशीर असतं, महिनोन्‌महिने लागले तरी. पण त्या काळात व्हिसा संपलेला असेल तर देश सोडल्यावर परत यायला नवा व्हिसा लागतो. घरी आईवडील थकलेले असतील, तर पगाराच्या आकड्याआधी हा नियम वाचा.